गिलादात मलम आहे

बायबलच्या जुन्या करारात यिर्मया नावाचा एक संदेष्टा आहे. आपल्या लोकांची दुर्दशा बघून तो हताशपणे विचारतो : गिलादात मलम नाही का? तिथे कुणी वैद्य नाही का? गिलाद म्हणजे जॉर्डन नदीच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख. तिथल्या झाडांच्या डिंकाचं मलम जखमेवर लागू पडतं, अशी त्या काळी ख्याती होती. म्हणजे औषधाच्या गावातच औषध मिळेना, तर जायचं कुठे?

त्या अध्यायात या प्रश्नाला उत्तर नाही. ते आलं फार नंतर, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गुलामांकडून. त्यांच्या एका भक्तिगीताची पहिलीच ओळ आहे : गिलादात मलम आहे. 'नाही का?' काढलं आणि 'आहे' घातलं, बस. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मचिंतक. त्यांची आजी स्वतः गुलामगिरीत जन्मलेली. या बदलाबद्दल त्यांनी जे लिहिलंय त्याचा आशय असा, की गुलामांनी यिर्मयाचं प्रश्नचिन्ह ताठ केलं आणि त्याचं उद्गारचिन्ह झालं.

'संगीत जखमा भरून काढतं' हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय, की ते ऐकलं की मला संशयच येतो. कुठल्या जखमा, आणि भरतं म्हणजे नेमकं काय होतं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गोष्टी, गोधड्या बघत गेलं, की एक युक्ती पुन्हापुन्हा दिसते. दुःखाची ओळ खोडायची नाही. ती म्हणायची, चारचौघांत म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिचा एखादा शब्द फिरवायचा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही युक्ती का लागली ते कळणार नाही. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलेल्या माणसांचा अभ्यासकांचा अंदाज सुमारे सव्वा कोटीचा आहे. त्यातले बहुतेक ब्राझीलला आणि कॅरिबियन बेटांवर गेले. आज जी अमेरिका आहे तिथे थेट उतरवलेले चार लाखांच्या आत. पण आईची गुलामगिरी मुलाला वारशानं मिळत असल्यामुळे १८६० च्या जनगणनेत तिथले गुलाम ३९ लाखांच्या वर गेले होते. कुटुंबं लिलावात फुटायची. भाषा तुटल्या, नावं बदलली गेली.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला : गुलामांनी ढोल-शिंगं वाजवायची नाहीत, आणि त्यांना लिहायला शिकवायचं नाही. दोन्ही बंद्या एकाच कायद्यात. मालकवर्गाला ढोल म्हणजे काय ते बरोबर कळलं होतं. त्यांच्या लेखी ती करमणूक नव्हती, ते निरोप धाडायचं साधन होतं.

मग उरलं काय? गळा, तळवे, मांड्या, टाचा. अंगावरच ताल धरायची 'जूबा' नावाची रीत रुजली. प्रार्थनेला जमलं की माणसं गोल करून, घड्याळाच्या उलट दिशेनं, पाय घासत फिरायची. पायावर पाय पडू द्यायचा नाही, कारण तसं झालं की तो नाच, आणि चर्चच्या हिशेबात नाच म्हणजे पाप! पाय न उचलता नाचायची ही पळवाट मला फार आवडते.

या गाण्यांचा सांगाडा समजायला मराठी माणसाला अडचण येऊ नये. एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. आपल्याकडे शाहीर कडवं सोडतो आणि मागचे झीलकरी 'जी जी र जी' म्हणत ते उचलतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की तिथे गायक आणि श्रोते असे दोन गट नसतात. शेतात कापूस वेचणारा कुणीही ओळ टाकू शकतो. आणि टाकणाऱ्याचा आवाज मध्येच भरून आला, तर ओळ जमिनीवर पडत नाही. मागचे ती धरून ठेवतात. बरं वाटण्याचं पहिलं कारण हेच असावं. माझं रडू आलं म्हणून गाणं थांबत नाही.

यात शरीराचाही भाग आहे. गाताना श्वास पटकन आत आणि लांबवून बाहेर सोडावा लागतो. असा लांब निःश्वास हृदयाची गती मंदावतो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ साली समूहगान करणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकत्र गाताना त्यांच्या ठोक्यांची चढउतार एकमेकांशी जुळत जाते, असं त्यांना दिसलं. कारण सोपं आहे : ओळ एक, म्हणून श्वास घ्यायची जागा एक. कापसाच्या शेतात हे मोजायला कुणी गेलं नव्हतं, पण श्वासाची जागा तिथेही एकच होती.

आता एक इशारा, आणि तो स्वतः गुलाम असलेल्या माणसाचा. फ्रेडरिक डग्लस मेरीलँडमधून पळून गेले आणि १८४५ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिलं. उत्तरेत आल्यावर लोक त्यांना म्हणत, गुलाम गातात म्हणजे मजेत असणार. डग्लस थक्क झाले. ते लिहितात, की गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना, आणि गाण्यानं त्याला आराम मिळतो तो आसवांनी दुखऱ्या काळजाला मिळावा तेवढाच. म्हणून 'कलेतून उपचार' म्हणताना मी जरा अडखळतो. रडून मोकळं झालेला माणूस सुटलेला नसतो. साखळी तिथेच असते.

जी गाणी विसरायची होती

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. १८६६ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलला मुक्त झालेल्यांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली, पुढे तिचं विद्यापीठ झालं. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचं गायकपथक काढलं आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये ते पैसे गोळा करायला उत्तरेकडे निघाले. त्याच आठवड्यात शिकागो जळालं. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात पन्नास डॉलरही जमले नव्हते. तेवढे सगळे पोरांनी शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकले. स्वतःची शाळा बंद पडायला आलेली असताना!

सुरुवातीला हे पथक गोऱ्यांच्या सभागृहांत चालणारी नेहमीची गाणी गायचं. आईबापांची गुलामीतली गाणी लोकांसमोर म्हणायला ही मुलं तयार नव्हती. पथकाची पियानोवादक एला शेपर्ड हिनं पुढे लिहून ठेवलंय, की ती गाणी गुलामीच्या काळोखाशी जोडलेली होती, विसरायच्या गोष्टींपैकी होती, आणि आईवडिलांसाठी पवित्रही होती. ही ओढाताण ज्यांच्या घरात जातीचा, पोटापाण्याचा अपमान दोन पिढ्यांमागे उभा आहे, त्यांना वेगळी समजावून सांगायला नको. आजीचं गाणं म्हणावं, तर आजीची दशा चव्हाट्यावर येते.

शेवटी ती गाणी गायली गेली, आणि सभागृहं गप्प झाली. पथकानं स्वतःला 'ज्युबिली सिंगर्स' म्हणवून घेतलं. ज्युबिली म्हणजे बायबलमधलं पन्नासावं वर्ष, गुलामांना सोडून देण्याचं. १८७३ मध्ये ते इंग्लंडला राणी व्हिक्टोरियासमोर गायले, आणि त्यांच्या कमाईतून नॅशव्हिलला 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. ती आजही आहे.

१८७३ म्हणजे पुण्यात 'गुलामगिरी' छापून आलं ते साल. जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं आहे. बरोबर ९९ वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईतल्या तरुण दलित कवी-लेखकांनी आपल्या संघटनेचं नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून ठेवलं. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही, एवढंच नोंदवतो.

तिसऱ्या ओळीचं वळण

गुलामी गेली आणि तिच्या जागी अर्धेलीची शेती आली. मिसिसिपीच्या खोऱ्यात कृष्णवर्णीय कुटुंब मालकाच्या जमिनीवर राबायचं, बी-बियाणं आणि पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचं, आणि कापूस निघाल्यावर हिशेब व्हायचा. वही मालकाकडे. वर्षाखेरीस बऱ्याचदा काहीच हाती यायचं नाही, उलट देणं निघायचं. ब्लूज नावाचं गाणं आलं ते या जगातून.

ब्लूजचा सगळ्यात ओळखीचा साचा तीन ओळींचा. पहिली ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची, थोड्या फरकानं. तिसऱ्या ओळीत वळण. खरं ब्लूज इथे उतरवून भाषांतर करण्यापेक्षा साचा दाखवायला मीच एक जुळवतो, हसू नका :

मालकानं हिशेब केला, हाती आला भोपळा,
अहो ऐका, मालकानं हिशेब केला, हाती आला भोपळा,
भोपळ्याचा बँजो करीन, गळा तर माझा मोकळा.

(भोपळा नुसता यमकासाठी नाही. बँजो हे तारांचं वाद्य. त्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, आणि अमेरिकेतल्या गुलामांचे जुने बँजो भोपळ्याला कातडं ताणूनच केलेले असत.)

पहिली ओळ दोनदा का? एक व्यावहारिक कारण असं सांगतात, की जागच्या जागी रचणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला वेळ मिळतो. पण ऐकणाऱ्याच्या बाजूनं बघा. आपण दुःख एकदा सांगितलं की समोरचा लगेच सल्ला देतो. ब्लूज म्हणतं, थांब, पुन्हा ऐक. दुसऱ्यांदा म्हटलं की ते दुःख जरा समोर ठेवल्यासारखं होतं, त्याच्या कडा दिसतात. आणि मग तिसऱ्या ओळीत थोडासा वात्रटपणा, थोडी शिवी, नाहीतर आगगाडीचं तिकीट. कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९४५ मध्ये ब्लूजबद्दल जे म्हटलं त्याचा सारांश असा : क्रूर अनुभवाचे बारकावे जागे ठेवायचे, त्याच्या खरबरीत कडेवरून बोट फिरवत राहायचं, आणि तत्त्वज्ञानाच्या दिलाशानं नव्हे, तर त्यातूनच रडूही आणि हसूही येईल असं काव्य पिळून काढून त्याच्या पार जायचं.

सुरांचंही तसंच. ब्लूजमधला तिसरा किंवा सातवा स्वर पियानोच्या पट्टीवर नेमका सापडत नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी कण्हतो. श्रुती मानणाऱ्या आपल्या कानांना ते चटकन कळतं.

ब्लूज वाजवणारा एक पियानोवाला होता, टॉमस डॉर्सी. 'जॉर्जिया टॉम' या नावानं तो मा रेनीसारख्या गायिकेच्या साथीला बसायचा. ऑगस्ट १९३२ मध्ये तो सेंट लुइसला गाण्यासाठी गेला असताना तार आली : शिकागोत बायको नेटी बाळंतपणात गेली. तो घरी पोचला, आणि बाळही गेलं. काही दिवसांनी तो पियानोपाशी बसला आणि एका जुन्या भजनाच्या चालीत शब्द येऊ लागले : माझा हात धर, मी थकलोय. आधी त्यानं परमेश्वराला 'ब्लेसेड' म्हटलं होतं. सोबतचा गायकमित्र थिओडोर फ्राय म्हणाला, नाही, 'प्रेशस' म्हण. विठ्ठलाला परब्रह्म म्हणणं आणि माउली म्हणणं यात जेवढं अंतर, तेवढं या दोन शब्दांत असावं. एक दुरून हात जोडायचा शब्द, दुसरा कुशीत शिरायचा.

डॉर्सीच्या या प्रकाराला गॉस्पेल म्हणतात, आणि सुरुवातीला अनेक चर्चनी ते दारातूनच परत पाठवलं, कारण त्यात ब्लूजचा, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा वास येत होता. पण गाणं फिरलं. मार्टिन लूथर किंग यांचं ते आवडतं. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मेम्फिसमध्ये सज्ज्यात उभं राहून त्यांनी खाली उभ्या असलेल्या वादक बेन ब्रँचला सांगितलं, की आज रात्रीच्या सभेत हे वाजव, छान वाजव. पाठोपाठ गोळी आली. त्यांच्या अंत्यविधीला गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सन यांनी तेच गायलं. चार वर्षांनी महेलिया गेल्या, तेव्हा शिकागोत गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी त्यांच्यासाठी तेच गायलं. एका पियानोवाल्यानं बायको गेल्यावर केलेलं गाणं, आणि मग ज्याचं जाईल त्यानं ते उसनं घ्यावं.

शब्द फिरवण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपण सगळ्यांनी शाळेत गायलंय. 'हम होंगे कामयाब'. गिरिजाकुमार माथुर यांचं हे हिंदी गाणं ज्यावरून आलं, ते चर्चमध्ये 'मी' धरून म्हटलं जायचं : मी तरून जाईन. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला तंबाखू कारखान्यात संप झाला. संपातल्या कृष्णवर्णीय कामगार बायांनी धरणं धरताना 'मी'चं 'आम्ही' केलं. ल्यूसिल सिमन्स नावाची कामगार रोजचा दिवस संपताना ते संथ लयीत म्हणायची. सव्वीस जानेवारीला कवायतीच्या मैदानावर उन्हात उभं राहून आम्ही ते गाणं म्हणायचो, तेव्हा त्यात तंबाखू कामगारांचे पाय दुखताहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे नागरी हक्क चळवळीतल्या गायिका आणि इतिहासकार बर्नीस जॉन्सन रेगन यांना या 'आम्ही'बद्दल शंका होती. त्यांचं म्हणणं, कृष्णवर्णीयांच्या मेळाव्यात प्रत्येक जण 'मी' म्हणतो, तेव्हाच खरा समूह होतो. 'आम्ही' म्हटलं, की उद्या कोण येणार हे कळत नाही. हा मुद्दा कुठल्याही सोसायटीच्या सभेला बसलेल्याला पटेल.

याच रेगन १९६१ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनीला विद्यार्थिनी होत्या. चळवळीच्या पहिल्या मोर्चानंतर चर्चमध्ये जमले असताना त्यांना गाणं धरायला सांगितलं. त्यांनी जुनं भक्तिगीत उचललं : माझ्या डोईवर, हवेत संकट दिसतंय. म्हणता म्हणता त्यांना वाटलं, आत्ता या खोलीत संकट नाहीये. 'संकट'च्या जागी त्यांनी 'स्वातंत्र्य' घातलं. ते गाणं आपलं आहे, हवं तसं बदलायला आपलं आहे, हे त्यांना त्या क्षणी उमगलं.

उडून गेलेली माणसं

गोष्टींतही हीच युक्ती. १८०३ मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्यावर सेंट सायमन्स बेटापाशी पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो जमातीच्या कैद्यांनी भरलेली होडी लागली. त्यांनी पहारेकऱ्यांवर उलटून हल्ला केला, आणि गुलाम होण्यापेक्षा काही जण सरळ खाडीच्या पाण्यात चालत गेले. बुडाले. गोऱ्यांच्या कागदपत्रांत शेवट असा आहे.

किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वस्त्यांत शेवट वेगळा. ते पाण्यावरून चालत आफ्रिकेला गेले. किंवा : मुकादम चाबूक घेऊन आला, त्यांनी आपल्या भाषेतला एक शब्द उच्चारला, आणि ते उडाले. कुदळ शेतात तशीच उभी राहिली. १९३० च्या दशकात सरकारी लेखन-प्रकल्पातले लोक जॉर्जियाच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपत फिरले, तेव्हाही ही गोष्ट सांगणारे भेटत होते. टोनी मॉरिसन यांनी १९७७ च्या आपल्या कादंबरीत तिचा कणा वापरला, आणि त्यातला अवघड प्रश्नही विचारला : जो उडून गेला तो सुटला, पण मागे राहिलेल्या बायकापोरांचं काय?

ही गोष्ट खोटी आहे का? घटना म्हणून, हो. पण लेकराला 'तुझे पूर्वज बुडाले' असं सांगून झोपवता येत नाही. 'ते गेले, आणि स्वतःच्या मर्जीनं गेले' हे मात्र दोन्ही गोष्टींत खरं आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये हे वळण रस्त्यावर बघायला मिळतं. तिथल्या अंत्ययात्रेत बँड असतो. स्मशानाकडे जाताना संथ शोकधून, पावलं ओढत. पुरून झालं, निरोप दिला, की ढोलकऱ्यानं हात बदलायचा, तुताऱ्या उसळायच्या, आणि घरचे लोक, मागून आलेली सगळी गर्दी छत्र्या-रुमाल उडवत नाचत परतायची. यात जो भाग फोटोंत येत नाही तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे बँड अनेकदा त्या माणसाच्या मंडळानं बोलावलेले असत. गोऱ्या विमा कंपन्या दारात उभं करत नसत, तेव्हा कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून मंडळं चालवली : आजाऱ्याला डॉक्टर आणि औषध, मेलेल्याला पेटी, आणि जमलं तर बँड. चाळीतला मयत फंड आणि मिरवणुकीचं बँडपथक एकाच वहीत, अशी कल्पना करा. म्हणजे इथे 'उपचार' हा शब्द अगदी औषधाच्या बाटलीपर्यंत खरा आहे.

पण सगळ्यांनाच मलम मिळालं असं म्हणायची माझी तयारी नाही. गायिका बिली हॉलिडे यांनी १९३९ पासून गोऱ्या जमावांनी झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांचं ते गाणं गायलं, ज्यात प्रेतांना फळं म्हटलंय. ऐकणाऱ्या कित्येकांना त्यानं हलवलं. त्या स्वतः १९५९ मध्ये ४४ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात गेल्या, अमली पदार्थांच्या गुन्ह्यात खाटेवरच अटक झालेली असताना. ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांच्या तबकड्या धडाधड खपल्या, पण त्यांना मिळायचे ते गाण्यामागे ठरावीक पैसे. खपातला वाटा नाही. पुन्हा तीच मालकाची वही.

शेवटी एक गोधडी. अलाबामात नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ पासून अमेरिकेच्या मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, आणि समीक्षक त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांशी करू लागले. त्यात १९४२ ची एक आहे, मिझुरी पेटवे यांची. नवरा वारल्यावर त्यांनी मुलीला सांगितलं, की त्याचे कामावरचे कपडे मी घेणार, त्यांची गोधडी करणार, त्याची आठवण म्हणून, आणि मायेनं अंगावर ओढून घ्यायला. शेतात विटलेल्या त्या विजारी-सदऱ्यांच्या पट्ट्या फाडायला मुलीनं आईला मदत केली. नवं कापड आणायला पैसेही नसणार. पण गोधडीकडे बघताना ते आधी मनात येत नाही. आधी दिसतात ते निळ्या-राखाडीचे उभे पट्टे, आणि मध्येच कुठेतरी उन्हानं न विटलेला, मूळ रंगाचा एक तुकडा.